बदली खेळाडूची खुर्ची

‘मैदानावरचा अविस्मरणीय विजय’ या विषयावर दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी घरी येऊन सांगितलं. मी चहा होऊ दिला आणि मग म्हटलं, विजय हवा असेल तर दुसरं घर बघा. माझी सगळी नोकरी बालाघाटच्या मुलींच्या शाळेत खेळाची बाई म्हणून गेली. आमच्या वाट्याला विजय आले नाहीत असं नाही, पण त्यातला एकही मला रात्रंदिवस आठवत नाही. आठवते ती एक खुर्ची. संपादक भले गृहस्थ, म्हणाले, खुर्चीबद्दल लिहा.

खेळाची बाई म्हणजे काय, ते आधी सांगते. शाळेत कोणी गैरहजर असलं की त्यांच्या तासाला उभी राहते ती. पंधरा ऑगस्टला रांगा लावते ती. मुलगी चक्कर येऊन पडली की जिला हाक मारतात, आणि बक्षीस समारंभात जिचं नाव घ्यायचं राहून जातं, तीच. मी नोकरीला लागले तेव्हा आमची राजधानी नुकतीच नागपूरहून भोपाळला गेली होती. नियमांची पुस्तकं हिंदीतून यायला लागली होती. शिकवायचं हिंदीत आणि रागवायचं मराठीत, अशी मी वाटणी करून टाकली. मुलींना दोन्ही समजायचं, पण घाबरायच्या त्या मराठीलाच.

बास्केटबॉल आमच्याकडे आला तेव्हा तो कोणी पाहिलेला नव्हता. मैदानात सागाचे दोन खांब पुरले, त्यावर फळ्या ठोकल्या, लोखंडी कडी एका लोहाराकडून वळवून घेतली. जाळ्या तेवढ्या बाहेरून आल्या होत्या आणि त्या वर्षभरात फाटल्या. जाळ्याचं काम बालाघाटात कोणाला येणार? वैनगंगेवर मासे धरणारे सोमाजी ढिवर शाळेच्या मागेच राहत. त्यांना दोन्ही जाळ्या दुरुस्तीला दिल्या. पाहुण्या शाळेशी सामना होता त्या सकाळी त्यांनी त्या स्वतः टांगल्या आणि मोठ्या समाधानानं मला म्हणाले, “बाई, तुमच्या जाळ्याले बूडच नोहतं. आजवर काही कसं टिकलं त्यात? मी पक्कं बूड घालून देल्लं.”

मी हसून मान हलवली. वर बघायला हवं होतं, ते काही बघितलं नाही. पहिलाच चेंडू कडीत गेला आणि आतच राहिला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं खेळ असाच असतो. मग एक मुलगी बांबूनं तो चेंडू खालून ढोसत बसली. पाहुण्या शाळेच्या बाई वाद घालायला आल्या, की चेंडू खाली पडला नाही म्हणजे गुण नाही. मी नियमांचं पुस्तक काढून दाखवलं. चेंडू वरून कडीत शिरून आत राहिला तरी गुण धरावा, असं त्यात लिहिलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या ओळखीचा कोणी सोमाजी असावा.

हे पुस्तक हाच माझा स्वभाव झाला. आमच्या भागात पंच मिळत नसत, म्हणून मी परीक्षा देऊन टेबलावरच्या कामाची पात्रता मिळवली. मैदानाच्या कडेला एक टेबल असतं. तिथे एक जण घड्याळ सांभाळतो, एक जण गुण लिहितो. शिट्टी पंचांकडे असते, पण खेळ सुरू आहे की संपला ते टेबल ठरवतं. टेबलावर बसलेल्याला संघ नसतो, गाव नसतं. त्यानं टाळी वाजवायची नाही, हळहळायचं नाही, खेळाडूशी बोलायचं नाही. मुलींना मी पहिल्यांदा टेबलाचं काम शिकवायची, चेंडू नंतर द्यायची. यामुळे माझं नाव ‘टेबलबाई’ पडलं होतं. मला ते माहीत आहे हे मुलींना माहीत नव्हतं.

भरवेलीच्या खाणीच्या वसाहतीत एकदा सामना ठेवला होता. तिथल्या मुलींचा संघ नवा, कपडे काळपट. मँगनीजची भुकटी त्या वसाहतीत भातावरसुद्धा बसते, कपड्यांचं काय घेऊन बसलात. सामना रंगात आला आणि खाणीचा भोंगा झाला. पाळी सुटली. त्या आवाजाची अख्ख्या वसाहतीला इतकी सवय, की बघणारे उठले, खेळणाऱ्या मुलीही घराकडे निघाल्या. बापाला पाणी द्यायचं, चूल पेटवायची. माझ्या शाळेच्या मुली गोंधळून माझ्याकडे बघू लागल्या. मैदानाच्या मधोमध एकच मुलगी उरली. उंच, काटकुळी, डावखुरी. चेंडू कमरेवर धरून उभी.

“तू काहून थांबली गं?” मी मैदानात जाऊन विचारलं.

“टेबलाची घंटी नाई वाजली अजून, बाई,” ती म्हणाली. “तो खाणीचा भोंगा होता. त्याचं अन् आपलं काय?”

ती इंदू. आठवीत होती. वडील नत्थूजी खाणीत ड्रिल मशीनवर. मशीनच्या आवाजात वर्षं काढून त्यांना कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून ते दुसऱ्याशी बोलतानाही मोठ्यानं बोलत आणि एरवी गप्प असत. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, मुलीला बालाघाटच्या शाळेत घाला. त्यांनी तीनदा ‘काय?’ विचारलं आणि मग एकदाच ‘हौ’ म्हणाले.

इंदू रोज सायकलनं यायची. तिला शिकवणं सोपं होतं, कारण सांगितलेलं ती करत असे, आणि अवघड होतं, कारण सांगितलेलंच करत असे. आमच्या मुरमाच्या मैदानावर चेंडू कसाही उडायचा. त्यामुळे तो जमिनीवर न आपटता हातातून हातात द्यायची सवय आम्ही लावली होती. इंदूचा पास बघायला दुसऱ्या शाळांचे मास्तर येऊन उभे राहत. पुढे ती राज्याकडून खेळली, मग देशाच्या शिबिरात गेली. जाण्याआधी भेटायला आली तेव्हा तिला विचारलं, तुला नेमकं काय हवंय? मुलींना मी हे नेहमी विचारायची आणि मुली नेहमी ‘नाव काढायचंय’ असं काहीतरी पाठ केलेलं सांगायच्या.

इंदू म्हणाली, “मले एकडाव देशाच्या कपड्यात आत जायचं हाय, बाई. मंग घरी बसली तरी चालते. बाबानं साऱ्या वसाहतीत सांगून ठेवलं हाय, माही पोरगी देशाकडून खेळनार हाय म्हणून. लोकं हासतात त्यायले.”

त्या साली परदेशचे महिला संघ आपल्या देशात स्पर्धेसाठी येणार होते. स्पर्धेचं नाव मी लिहीत नाही, कारण आता तिची आठवण ठेवणारे आम्ही चारदोनच उरलो असू. इंदूची संघात निवड झाली, बारा जणींत शेवटचं नाव. टेबलाच्या कामासाठी यजमान देशाची माणसं लागतात, त्यात मला बोलावणं आलं. बालाघाटहून दोघी जणी! स्टेशनवर नत्थूजी आले होते, भरवेलीची माणसं आली होती, शेंगदाण्याचे लाडू होते. मुख्याध्यापिकाबाईंनी मला शाल दिली. परत आल्यावर ती कार्यालयात जमा करायची होती, तो भाग निराळा.

मी आयुष्यात पहिल्यांदा लाकडी फळ्यांचं, छताखालचं मैदान बघितलं. परदेशच्या मुली अशा धावायच्या की वाटे, यांच्या पायाखाली काही वेगळंच आहे. आपल्या मुलींनी जीव तोडला आणि रोज हरल्या. रोज मी टेबलावर, समोर इंदू बाकावर. संघाचे प्रशिक्षक वाईट नव्हते. हरत असताना माणूस ओळखीच्याच खेळाडूला आत पाठवतो, हे मीही करत आले होते. एकेक सामना संपत गेला. जर्सीवर घालायचा इंदूचा निळा कोट अंगातून निघाला नाही. ती मुलींना पाणी द्यायची, टॉवेल द्यायची, बाकाखाली पडलेले बूट नीट लावून ठेवायची. आमची नजरानजर झाली तर दोघीही दुसरीकडे बघायचो. मी टेबलावर असले की तिला ओळखत नव्हते, असा आमचा अलिखित करार होता.

शेवटचा सामना शेवटच्या जागेसाठी होता. गंमत अशी, की तोच रंगला. गुण बरोबरीला, मग दोनाचा फरक, मग पुन्हा बरोबरी. अखेरची काही मिनिटं राहिली आणि आपली एक मुलगी लंगडायला लागली. प्रशिक्षकांनी बाकाकडे बघितलं आणि इंदूला मान हलवली.

आता इथे नियम सांगावा लागेल. बदली खेळाडूनं सरळ आत धावायचं नसतं. तिनं टेबलापाशी येऊन गुणलेखकाला आपला क्रमांक सांगायचा आणि शेजारच्या खुर्चीवर बसायचं. खेळ थांबला की गुणलेखक घंटी वाजवतो, पंच हात करून बोलावतो, तेव्हा ती आत जाते. पंचानं बोलावलं तर ती खेळली, नाहीतर नाही. आणि त्या काळी आणखी एक अट होती. चेंडू रेषेबाहेर गेला तर बदली फक्त त्याच संघाला मिळे, ज्याच्याकडे तो आत टाकायचा हक्क असे. चेंडू समोरच्यांचा असेल, तर त्यांनी बदली केली तरच आपल्याला करता येई. कडीत चेंडू पडला तर खेळ थांबत नाही, त्यामुळे तेव्हा बदलीही नाही.

गुणलेखक मी होते. इंदू कोट काढून माझ्यासमोर आली आणि हिंदीत क्रमांक सांगितला, अनोळखी माणसाला सांगावा तसा. मी मान हलवली. ती खुर्चीवर बसली. तिचा गुडघा माझ्या टेबलाच्या पायाला लागून होता आणि ती तो सारखा हलवत होती, म्हणून टेबलही हलत होतं. माझी पेन्सिल लवंडली, ती मी धरून ठेवली.

खेळ थांबेना. एरवी मिनिटाला दोनदा शिट्टी वाजे, पण त्या वेळी दोन्हीकडच्या मुली अगदी सांभाळून, अंगाला अंग न लावता खेळत होत्या. मग चेंडू बाहेर गेला. इंदू अर्धी उठली. पण हात आपल्या मुलीचा लागला होता. चेंडू त्यांचा. मी समोरच्या बाकाकडे बघितलं, कोणी बदलीला येतंय का. कोणी आलं नाही.

माझ्या शेजारी घड्याळ सांभाळणारे गृहस्थ त्या शहरातलेच होते, पोटानं मोठे आणि मनानं मऊ. हळूच म्हणाले, “बजा दीजिए मॅडम. बच्ची कब से बैठी है. देखता कौन है?”

घंटीवर माझंच बोट होतं. पंचांनी कदाचित चालवून घेतलं असतं, कदाचित नाही. मी इंदूकडे न बघता मराठीत म्हटलं, “बस. चेंडू आपला नाही.”

टेबलावर बसून खेळाडूशी मी आयुष्यात एकदाच बोलले, ते हे.

“हौ, बाई,” इंदू म्हणाली आणि बसली.

थोड्या वेळानं चेंडू पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आपल्याच मुलीच्या बोटांना लागून. या वेळी इंदू उठलीच नाही. तिनं मान वळवून पंचाच्या हाताची दिशा बघितली आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. शिकवलं कोणी? मग त्यांनी एक चेंडू कडीत टाकला, आपल्या मुली धावत निघाल्या, आणि शेजारच्या गृहस्थांनी शेवटचा भोंगा वाजवला. दोन गुणांनी हरलो. आतल्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. इंदू खुर्चीवरून उठली, कोट अंगात घातला, गुंड्या लावल्या आणि टॉवेल गोळा करायला गेली.

माझं चुकलं नाही. हे मी तेव्हा म्हटलं, आजही म्हणते. बरोबर वागून माणसाला इतकं वाईट वाटू शकतं, हे मात्र मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही.

परतताना गोंदियाला आम्ही गाडी बदलली. बालाघाटच्या छोट्या गाडीत बसल्यावर इंदू खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बाई, टेबलापाशी गेलती, क्रमांक सांगितला, कोटबी काढला. एवढ्यानं खेळली असं म्हणता येते काय?”

उत्तर तिला ठाऊक होतं. तरी विचारलं म्हणजे आशा होती. मी म्हटलं, “पंचानं बोलावलं नाही ना, इंदू.”

“हौ,” ती म्हणाली. नंतर म्हणाली, “बाबाले कसं सांगू? हळू सांगितलं त ऐकू नाई येत त्यायले.”

बालाघाट स्टेशनवर डफडं वाजत होतं. भरवेलीची पंचवीसेक माणसं, सायकली भिंतीला लावलेल्या, पुढे नत्थूजी धुतलेल्या सदऱ्यात, हातात झेंडूचा हार. आम्ही उतरलो. नत्थूजी त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात मला म्हणाले, “खेळली ना बाई, पोरगी?”

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी शब्द जुळवत होते. काय जुळवत होते देव जाणे. इंदू पुढे झाली.

“नाई खेळली, बाबा.”

नत्थूजींनी कानामागे हात नेला. “काय?”

“नाई खेळली मी!” ती ओरडली. डफडं थांबलं होतं, त्यामुळे आवाज फलाटाच्या पार टोकाला गेला. “खुर्चीवर बसून होती! आत नाई गेली!”

मागे कोणीतरी खोकलं. कोणी हसलं नाही, तेवढी माणुसकी भरवेलीच्या लोकांनी दाखवली. नत्थूजी हातातल्या हाराकडे बघत राहिले. आता तो नेमका कशाचा, हे त्यांना समजेना असं दिसलं. मग त्यांनी तो तिच्या गळ्यात घातला. “आनला हाय त घाल,” म्हणाले, आणि तिची पेटी उचलून सायकलींकडे चालायला लागले.

पुढच्या रविवारी मी भरवेलीला गेले. तिच्या आईनं देशाची जर्सी ती आल्यापासून अंगणात दोरीवर टांगून ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावी म्हणून. आईच ती, तिला खेळली-नाही-खेळलीचं काय. इंदू हौदापाशी बसून तीच जर्सी घासत होती. पाणी काळं झालं होतं.

“पहिल्यांदाच धुऊन राह्यली,” ती म्हणाली. “अंगावर नाई मळली, बाई. दोरीवर मळली.”

मी तिच्याशेजारी दगडावर बसले. आईनं चहा आणला, तो प्याले आणि परत आले. सायकल चालवताना रडू आलं, ते पुसायला थांबलेही नाही. रस्त्यात ओळखीचं कोणी नव्हतं.

त्यानंतर तिला शिबिराचं बोलावणं आलं नाही. एका वर्षी संघच कुठे गेला नाही, पुढे नव्या मुली आल्या. इंदूनं प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि परसवाड्याच्या शाळेत खेळाची बाई झाली. लोक तिची ओळख करून देताना ‘या देशाकडून खेळल्या आहेत’ असं म्हणत. ती दर वेळी हात जोडून दुरुस्त करायची. इतकी, की शेवटी लोकांनी ओळख करून देणंच सोडलं. नत्थूजी वारले त्या आधी एकदा मला बाजारात भेटले होते. भाजी घेता घेता मोठ्यानं म्हणाले, “त्या दिवशी खोटं बोलली असती तरी मले काय समजनार होतं, बाई?” मी मान हलवली. ते कौतुक होतं की तक्रार, ते मला कळलं नाही. विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी परसवाड्याला तालुक्याच्या शाळांचे सामने होते, तिथे मी पाहुणी म्हणून गेले. जागा टेबलाच्या मागेच दिली होती. गुणलेखक इंदू. डोळ्यांवर चष्मा, पाठ ताठ. अखेरची मिनिटं होती. तिच्याच शाळेची एक मुलगी, सातवीतली असेल, बदलीसाठी खुर्चीवर येऊन बसली. पायाला चपलेचीच सवय असल्यामुळे नव्या बुटांत ती पाऊल सारखं हलवत होती. कुठल्या तरी लांबच्या खेड्यातून तिचे आईबाप आले होते, ते समोर झाडाखाली उभे राहून तिच्याकडे बघत होते.

चेंडू बाहेर गेला. मुलगी उठली. पंचानं हात केला, तो दुसऱ्या दिशेला.

नियम मला पाठ आहे. घंटीवर इंदूचं बोट होतं. मला तिची फक्त पाठ आणि तो हात दिसत होता. ‘वाजव गं इंदू,’ असं माझ्या तोंडाशी आलं. देवाशपथ सांगते, सगळं आयुष्य टेबलावर काढलेली बाई मी, आणि मला ती घंटी चुकीची वाजलेली हवी होती.

इंदूनं समोरच्या बाकाकडे बघितलं. तिथून कोणी येत नव्हतं. मग मुलीकडे न बघता ती म्हणाली, “बस. चेंडू आपला नाही.”

शब्द माझे, आवाजही जवळजवळ माझाच.

“हौ, बाई,” मुलगी म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.